पार्श्वभूमी प्रक्रिया, संगणकीय

संगणकाच्या आज्ञा-ओळीवरून सुरू केलेली, परंतु टर्मिनल अडवून न ठेवता चालू राहणारी आज्ञावली. सामान्यतः वापरणारा आज्ञा टंकित करतो, संगणक ती पार पाडतो व ती पुरी झाल्यावरच पुढील आज्ञा स्वीकारतो. अशा आज्ञावलीस पुरोभूमीतील प्रक्रिया म्हणतात. याउलट, जी आज्ञावली आपले काम करीत असतानाच टर्मिनल दुसऱ्या आज्ञेसाठी मोकळे असते, ती पार्श्वभूमीतील प्रक्रिया होय. पार्श्वभूमीत असणे आणि टर्मिनलपासून विलग असणे या मात्र दोन भिन्न गोष्टी आहेत. पार्श्वभूमीतील प्रक्रिया टर्मिनल मोकळे ठेवते. पण टर्मिनल बंद झाल्यास तीही बंद पडू शकते. विलग प्रक्रियेचे आयुष्य टर्मिनलवर अवलंबून नसते. वापरणारा निघून गेला, त्याचा संगणक बंद पडला किंवा दोन संगणकांमधील जोडणी तुटली, तरी ती चालूच राहते. अनेक तास वा दिवस चालणारी गणिते, माहितीच्या मोठ्या साठ्यांचे संस्करण, प्रती काढून ठेवणे, दूरच्या संगणकावरील कामे इत्यादींसाठी हा भेद महत्त्वाचा ठरतो. प्रस्तुत नोंदीतील विवेचन मुख्यतः युनिक्स व तिच्या धर्तीवरील लिनक्स या परिचालन प्रणालींना अनुसरून केलेले आहे. [⟶ परिचालन प्रणाली; संगणक].

ऐतिहासिक आढावा : काम आणि काम देणारा यांची फारकत टर्मिनलपेक्षाही जुनी आहे. मुंबई येथील टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६४ मध्ये सीडीसी ३६०० हा संगणक बसविण्यात आला व देशातील विविध संस्थांतील संशोधक त्याचा उपयोग करू लागले. त्या काळी आज्ञावली छिद्रित पत्रांवर उतरवून पत्रांचा गठ्ठा संगणक केंद्राच्या स्वाधीन केला जाई. कामे रांगेने पार पडत आणि उत्तर छापील कागदांवर मिळे. या बॅच पद्धतीत काम चालू असताना वापरणाऱ्याने उपस्थित राहण्याचा प्रश्नच नव्हता. तिचा दोष असा, की एखादे विरामचिन्ह चुकले तरी ते कळण्यास बराच काळ लागे.

हा दोष दूर करण्यासाठी कालविभाजन पद्धती पुढे आली. अमेरिकेतील मॅसॅचूसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेत फेर्नांदो कॉर्बातो व त्यांचे सहकारी यांनी १९६१ मध्ये अशा प्रणालीचे प्रात्यक्षिक दाखविले. एकच संगणक अनेकांना आळीपाळीने अल्पकाळ वेळ देत असल्याने प्रत्येकास तो आपल्याच सेवेत आहे असे वाटे. वापरणारा दूरमुद्रकासमोर बसून आज्ञा देई व उत्तर लगेच मिळवी. पण याच सोयीमुळे काम तारेला बांधले गेले. तार तुटली की काम थांबू लागले. पार्श्वभूमी प्रक्रिया व विलगीकरण यांचा पुढील इतिहास म्हणजे कालविभाजनाची तत्परता न गमावता बॅच पद्धतीचे स्वातंत्र्य परत मिळविण्याच्या प्रयत्नांचा इतिहास होय.

यातील एक उपाय डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशन या कंपनीच्या डेकसिस्टिम-१० या संगणकमालिकेत आढळतो. तिच्या टॉप्स-१० या परिचालन प्रणालीत ‘डिटॅच’ ही आज्ञा दिल्यास चालू काम टर्मिनलपासून सुटे होई आणि ‘अटॅच’ या आज्ञेने ते पुन्हा त्याच किंवा दुसऱ्या टर्मिनलला जोडता येई. या मालिकेतील संगणक १९७०–८० या दशकात टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या आवारातील राष्ट्रीय सॉफ्टवेअर विकास व संगणन तंत्र केंद्रात वापरात आला. हेच केंद्र पुढे नॅशनल सेंटर फॉर सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी (एनसीएसटी) या स्वतंत्र संस्थेच्या रूपाने पुढे आले.

बेल प्रयोगशाळेत केन टॉम्पसन, डेनिस रिची व त्यांचे सहकारी यांनी १९६९ पासून विकसित केलेल्या युनिक्समध्ये हा प्रश्न वेगळ्या रीतीने सोडविला गेला. वापरणाऱ्याच्या आज्ञा वाचणाऱ्या आज्ञावलीस युनिक्समध्ये ‘शेल’ म्हणतात. शेल प्रत्येक आज्ञेसाठी नवी प्रक्रिया निर्माण करते व ती संपेपर्यंत थांबते. आज्ञेच्या शेवटी ‘&’ हे चिन्ह दिल्यास शेल थांबत नाही व लगेच पुढील आज्ञा मागते. पार्श्वभूमीसाठी निराळी यंत्रणा उभारण्याऐवजी केवळ थांबण्याची एक पायरी गाळली, हे या योजनेचे वैशिष्ट्य होय. विलगीकरणासाठीची ‘नोहप’ ही आज्ञा युनिक्सच्या चौथ्या आवृत्तीत (१९७३) आली. चालू असलेले काम मधेच थांबवून पार्श्वभूमीत ढकलण्याची किंवा पुन्हा पुढे आणण्याची कार्यनियंत्रण सुविधा ऑस्ट्रियातील एका आंतरराष्ट्रीय संस्थेत काम करणारे जिम कल्प यांनी तयार केली व ती १९८० मध्ये बर्कली येथील कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या युनिक्स आवृत्तीत समाविष्ट झाली. पुढे १९८७ मध्ये ‘स्क्रीन’ व २००७ मध्ये ‘टीमक्स’ या टर्मिनल-व्यवस्थापक आज्ञावली तयार झाल्या.

टर्मिनल व प्रक्रिया यांचा संबंध : टर्मिनल बंद होताच प्रक्रिया का थांबते, हे समजण्यासाठी ‘सत्र’ ही संकल्पना ध्यानात घ्यावी लागते. वापरणाऱ्याने संगणकात प्रवेश केला की एक सत्र सुरू होते. शेल ही त्या सत्राची प्रमुख प्रक्रिया असते आणि तिने सुरू केलेल्या सर्व प्रक्रिया त्याच सत्रात गणल्या जातात. प्रत्येक सत्राला फार तर एक नियंत्रक टर्मिनल असते. एका वेळी सत्रातील एकाच प्रक्रिया-गटाला टर्मिनलवरून अक्षरे वाचण्याचा अधिकार असतो. तो पुरोभूमीतील गट होय. पार्श्वभूमीतील प्रक्रियेने टर्मिनलवरून काही वाचण्याचा प्रयत्न केल्यास परिचालन प्रणालीचा गाभा तिला तात्पुरते थांबवितो. म्हणून मधूनमधून प्रश्न विचारणारी आज्ञावली पार्श्वभूमीत सोडली, तर ती चालू असल्यासारखी वाटते. प्रत्यक्षात मात्र ती उत्तराची वाट पाहत खोळंबलेली असते.

प्रक्रियांना बाहेरील घटनांची सूचना देण्यासाठी युनिक्समध्ये क्रमांकित संकेत योजलेले आहेत. त्यांतील पहिल्या क्रमांकाचा संकेत ‘हँगअप’ हा होय. हे नाव दूरध्वनीवरून आले आहे. टर्मिनल दूरध्वनीच्या तारेने जोडलेले असे, त्या काळी वापरणाऱ्याने फोन खाली ठेवला की तारेवरील वाहक ध्वनी बंद होई व संगणकास जोडणी तुटल्याचे कळे. अशा वेळी मागे राहिलेल्या प्रक्रिया बंद करणे आवश्यक होते. अन्यथा मालक निघून गेलेली कामे यंत्राचा वेळ घेत राहिली असती व त्याच तारेवर पुढे येणाऱ्याच्या हाती आधीच्या माणसाचे उघडे सत्र पडले असते. आता तारेची जागा जाळ्याने व दूरमुद्रकाची जागा पडद्यावरील खिडकीने घेतली आहे. पण खिडकी बंद केली किंवा जोडणी तुटली की तोच संकेत पाठविला जातो. गाभा तो सत्रप्रमुखाला, म्हणजे शेलला, देतो व शेल सामान्यतः तो आपल्या कामांना देते. प्रक्रियेने वेगळी व्यवस्था केली नसेल, तर या संकेताचा परिणाम म्हणजे तिचा शेवट होय.

दुसरे बंधन आदान-प्रदानाचे असते. प्रत्येक प्रक्रियेला प्रमाण आदान, प्रमाण प्रदान व त्रुटी-प्रदान असे तीन मार्ग सुरुवातीसच मिळतात आणि ते बहुधा टर्मिनलला जोडलेले असतात. टर्मिनल नाहीसे झाल्यावर त्यावर काही लिहू पाहणाऱ्या प्रक्रियेस त्रुटी मिळते व अनेक आज्ञावली त्या त्रुटीमुळेच थांबतात. याचाच अर्थ असा, की संपूर्ण विलगीकरणासाठी संकेतापासून संरक्षण आणि तिन्ही मार्ग टर्मिनलवरून काढून फाइलींकडे वळविणे या दोन्ही गोष्टी कराव्या लागतात.

विलगीकरणाच्या पद्धती : पुढे उल्लेखिलेल्या आज्ञा संगणकावर रोमन लिपीतील लहान अक्षरांत टंकित करावयाच्या असतात.

(१) नोहप : एन-ओ-एच-यू-पी या पाच अक्षरांची ही आज्ञा मूळ आज्ञेच्या आधी लिहितात. ती हँगअप संकेताकडे दुर्लक्ष करण्याची व्यवस्था करून मग मूळ आज्ञावली सुरू करते. प्रदान टर्मिनलकडे जात असेल, तर ते ‘नोहप-आउट’ या नावाच्या फाइलीत साठविले जाते. ही आज्ञा प्रक्रियेला पार्श्वभूमीत पाठवीत नाही, ही गोष्ट पुष्कळदा विसरली जाते. त्यासाठी शेवटी ‘&’ हे चिन्ह निराळे द्यावे लागते. नोहप जोडणी तुटण्यापासून संरक्षण देते, तर ‘&’ टर्मिनल मोकळे करते; दोन्ही हवे असल्यास दोन्ही लिहावी लागतात.

(२) चालू काम सोडविणे : काम सुरू केल्यानंतर ते लांबणार असे लक्षात आल्यास कंट्रोल व झेड या कळा एकत्र दाबून ते थांबवितात, ‘बीजी’ या आज्ञेने पार्श्वभूमीत पुन्हा चालू करतात आणि ‘डिसओन’ या आज्ञेने शेलच्या कामांच्या यादीतून काढून टाकतात. त्यानंतर शेल त्या कामास हँगअप संकेत देत नाही. मात्र त्याचे प्रदान पूर्वीच्याच टर्मिनलला जोडलेले राहते. त्यामुळे पडद्यावर सतत लिहिणाऱ्या आज्ञावलीसाठी हा उपाय अपुरा पडतो.

(३) नवे सत्र : ‘सेटसिड’ ही आज्ञा प्रक्रियेला स्वतंत्र सत्रात सुरू करते. नव्या सत्राला नियंत्रक टर्मिनल नसल्याने जुन्या टर्मिनलचा हँगअप संकेत तिच्यापर्यंत पोहोचत नाही. सतत सेवा देणाऱ्या प्रक्रिया याच तत्त्वावर उभ्या असतात व त्यांना ‘डीमन’ म्हणतात. ही संज्ञा मॅसॅचूसेट्स येथील संगणकतज्ञांनी १९६३ च्या सुमारास, जेम्स क्लार्क मॅक्सवेल यांच्या ऊष्मागतिकीतील काल्पनिक जीवावरून रूढ केली. डीमनला टर्मिनलच नसल्याने हँगअप संकेताचा मूळ अर्थ त्याच्या बाबतीत उरत नाही. म्हणून अनेक डीमन तोच संकेत ‘आपली नियमफाइल पुन्हा वाचा’ या अर्थाने स्वीकारतात.

(४) टर्मिनल-व्यवस्थापक : वरील पद्धतींनी प्रक्रिया सुटी होते, पण तिच्याशी पुन्हा संवाद साधता येत नाही. ही उणीव स्क्रीन व टीमक्स या आज्ञावली भरून काढतात. त्या दूरच्या संगणकावरच एक आभासी टर्मिनल निर्माण करतात व ते स्वतःच्या ताब्यात ठेवतात. आज्ञावली त्या आभासी टर्मिनलला जोडलेली असते आणि वापरणाऱ्याचा पडदा केवळ त्याचे प्रतिबिंब दाखवितो. पडदा नाहीसा झाला, तरी आभासी टर्मिनल कायम राहते व हँगअप संकेत निर्माणच होत नाही. वापरणारा दुसऱ्या दिवशी, दुसऱ्या गावाहून, दुसऱ्या यंत्रावरून प्रवेश करून तेच सत्र होते त्या स्थितीत पुन्हा जोडू शकतो. टॉप्स-१० मधील डिटॅच व अटॅच या आज्ञांची कल्पना येथे अधिक विस्तृत स्वरूपात दिसून येते.

(५) वेळापत्रकानुसार काम : ‘ॲट’ या आज्ञेने एखादे काम ठरावीक वेळी एकदा करविता येते, तर ‘क्रॉन’ हा डीमन ठरावीक वेळी पुनःपुन्हा काम सुरू करतो. अशा कामांना प्रारंभापासूनच टर्मिनल नसते.

तुटक जोडणी व दूरस्थ वापर : विलगीकरणाचे महत्त्व जोडणीच्या दर्जावर अवलंबून असते. मोठे संगणक शहरांतील संस्थांमध्ये असतात. त्यांची गरज असणारा अभ्यासक मात्र कोठेही असू शकतो. हरसूल हे नाशिक जिल्ह्याच्या त्र्यंबकेश्वर तालुक्यातील, सह्याद्रीच्या डोंगराळ भागातील व गुजरातच्या सीमेजवळचे गाव आहे. तेथील एखादा विद्यार्थी घरच्या साध्या संगणकावरून किंवा भ्रमणध्वनीवरून पुण्यातील एखाद्या संगणकात प्रवेश करून ३० तास चालणारे गणित सुरू करतो, असे समजू. पावसाळी वाऱ्यात वीज गेली किंवा भ्रमणध्वनीच्या मनोऱ्याशी संपर्क तुटला, तर पुण्यातील संगणकात काहीही बिघडलेले नसते. तरीही गणित टर्मिनलला बांधलेले असेल, तर ते तेथेच संपते.

होणाऱ्या हानीचा अंदाज गणिताने करता येतो. जोडणी यदृच्छया, पण सरासरी पाच तासांतून एकदा तुटते असे मानल्यास, सलग ३० तास ती न तुटण्याची संभाव्यता सु. ०·००२५, म्हणजे चारशेत एक इतकीच असते. प्रत्येक वेळी जोडणी लगेच पूर्ववत झाली व काम पहिल्यापासून पुन्हा सुरू केले, तरी ते पुरे होण्यास सरासरी सु. २,०१२ तास, म्हणजे जवळजवळ ८४ दिवस लागतील. काम विलग केलेले असल्यास तेच गणित ३० तासांत पुरे होते; जोडणी फक्त आज्ञा देण्यापुरती व निष्कर्ष पाहण्यापुरती, म्हणजे काही मिनिटेच लागते. जोडणी दर पाच तासांऐवजी सरासरी ३०० तासांतून एकदा तुटत असेल, तर न तुटण्याची संभाव्यता सु. ०·९ होते व विलगीकरणाची उणीव क्वचितच जाणवते. चांगली जोडणी असलेल्या शहरात जी केवळ सोय वाटते, तीच दुर्गम गावात काम होणे आणि न होणे यांतील भेद ठरते. विलगीकरणाने हरसूलची जोडणी सुधारत नाही. परंतु दूरच्या संगणकावरील कामापुरता तिचा दोष निष्प्रभ होतो.

अविश्वसनीय तारेवर काम चालविण्याचा असा अनुभव महाराष्ट्राला नवा नाही. देशातील शैक्षणिक व संशोधन संस्थांना जोडणाऱ्या अर्नेट या जाळ्याचा प्रारंभ १९८६ मध्ये झाला आणि १९८६–८७ या काळात मुंबईतच एनसीएसटी व पवई येथील भारतीय तंत्रज्ञान संस्था यांच्यात साध्या दूरध्वनीवरून संगणकीय टपालाची देवाणघेवाण सुरू झाली. त्यासाठी ‘यूयूसीपी’ ही युनिक्सवरील पद्धत वापरली गेली. तीत पत्र लिहिणाऱ्याने पत्र रांगेत ठेवले की त्याचे काम संपे. फोन लावण्याचे व पत्रे पोहोचविण्याचे काम पार्श्वभूमीतील आज्ञावली करी. फोन लागला नाही, तर पत्र रांगेतच राही व पुढील वेळी पुन्हा प्रयत्न होई. वापरणाऱ्याचा वेळ आणि तारेची उपलब्धता यांची फारकत हेच या पद्धतीच्याही मुळाशी असलेले तत्त्व होते.

सामाईक संगणक व कार्यरांग : एका यंत्राचा अनेकांनी वापर करावयाचा असल्यास प्रत्येकाने आपापले काम विलग करून सोडून देणे पुरेसे नसते, कोणाचे काम केव्हा व यंत्राच्या कोणत्या भागावर चालावे, हेही ठरवावे लागते. पुण्यात १९८८ मध्ये प्रगत संगणन विकास केंद्र (सी-डॅक) स्थापन झाले व १९९१ मध्ये तेथे परम ८००० हा महासंगणक तयार झाला. राष्ट्रीय महासंगणन अभियानाखाली २०१९ मध्ये पुण्याच्या भारतीय विज्ञान शिक्षण आणि संशोधन संस्थेत (आयसर) परम ब्रह्म हा महासंगणक बसविण्यात आला. त्याची मूळ क्षमता ७९७ टेराफ्लॉप, म्हणजे सेकंदाला सु. ७९७ लक्ष कोटी गणिती क्रिया इतकी होती. अशा यंत्रांवर वापरणारा प्रवेश-संगणकावर येतो, कामाचे वर्णन करणारी एक फाइल लिहितो व ती कार्यरांग-व्यवस्थापकाकडे सोपवितो. किती प्रक्रियक, किती स्मृती व किती वेळ लागेल, हे त्या फाइलीत नमूद करावे लागते. वापरणारा लगेच निघून जाऊ शकतो. त्याचे काम पाळी येताच सुरू होते व निष्कर्ष फाइलीत उतरतात. मागितलेला वेळ संपला की अपुरे कामही बंद केले जाते. सीडीसी ३६०० वरील छिद्रित पत्रांच्या रांगेचेच हे आधुनिक रूप होय. फरक एवढाच, की आता पत्रांचा गठ्ठा घेऊन मुंबईपर्यंत जावे लागत नाही.

पुणे जिल्ह्यात जुन्नर तालुक्यातील खोडद येथे राष्ट्रीय रेडिओ खगोल भौतिकी केंद्राची महाकाय मीटरतरंग रेडिओ दुर्बीण आहे. तिच्यात प्रत्येकी ४५ मी. व्यासाच्या ३० अँटेना असून त्या सु. २५ किमी. विस्तारात पसरलेल्या आहेत. या दुर्बिणीने २०१०–१२ या काळात १५० मेगाहर्ट्‌झ कंप्रतेवर आकाशाच्या फार मोठ्या भागाचे सर्वेक्षण केले. त्या निरीक्षणांवर स्वयंचलित आज्ञावलींनी संस्करण करून तयार झालेली सु. ६·२ लक्ष रेडिओ उद्‌गमांची सूची २०१६ मध्ये उपलब्ध झाली. एवढ्या प्रमाणावरील संस्करण कोणी पडद्यासमोर बसून एकेका आज्ञेने करू शकत नाही. मनुष्याच्या उपस्थितीवाचून चालणाऱ्या आज्ञावलींनीच ते शक्य होते.

हवामानाचे अंकीय पूर्वानुमान हे अशा कामांचे सर्वपरिचित उदाहरण होय. जगभरातील निरीक्षणे ठरावीक जागतिक वेळांना घेतली जातात. त्यांपैकी शून्य तास व बारा तास या वेळा भारतात सकाळी व सायंकाळी साडेपाच वाजता येतात. निरीक्षणे जमा होताच गणिते वेळापत्रकानुसार सुरू व्हावी लागतात. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेत २०१८ मध्ये प्रत्यूष (सु. ४ पेटाफ्लॉप) व २०२४ मध्ये अर्क (११·७७ पेटाफ्लॉप) हे महासंगणक कार्यान्वित झाले. हरसूलच्या परिसरातील शेतकऱ्याला भातलावणीच्या दिवसांत पावसाचा जो अंदाज मिळतो, त्याच्या मुळाशी अशीच टर्मिनलवाचून चालणारी गणिते असतात. पूर्वानुमान वेळेत पुरे झाले नाही, तर त्याचे मूल्य नाहीसे होते. म्हणून ते कोणाच्या टर्मिनलवर अवलंबून ठेवता येत नाही.

मर्यादा व दक्षता : विलगीकरण जोडणी तुटण्यापासून संरक्षण देते, ज्या संगणकावर काम चालू आहे त्याच्या बिघाडापासून नाही. त्या यंत्राची वीज गेली वा ते पुन्हा सुरू केले, तर नोहप किंवा टीमक्स यांचा उपयोग होत नाही. हरसूल येथील संगणकावरच गणित चालू असेल, तर वीज जाताच ते नष्ट होईल, मग ते विलग असो वा नसो. यासाठी आज्ञावलीनेच आपली स्थिती ठरावीक काळाने डिस्कवर लिहून ठेवावी लागते, म्हणजे बिघाडानंतर शेवटच्या नोंदीपासून काम पुढे नेता येते. याला टप्पानोंद म्हणतात. नोंदी फार वारंवार केल्यास वेळ वाया जातो व फार विरळ केल्यास हानी वाढते. जे. डब्ल्यू. यंग यांनी १९७४ मध्ये दिलेल्या सूत्रानुसार, दोन नोंदींमधील योग्य अंतर हे एका नोंदीस लागणारा वेळ व दोन बिघाडांमधील सरासरी काळ यांच्या गुणाकाराच्या दुपटीचे वर्गमूळ असते. उदा., नोंदीस २ मिनिटे लागत असतील व यंत्र सरासरी १०० तासांतून एकदा बंद पडत असेल, तर दर १५५ मिनिटांनी नोंद करणे इष्ट ठरते.

विलग प्रक्रियेवर कोणाचीही नजर नसते, हा तिचा दुसरा दोष होय. चुकीच्या आज्ञावलीमुळे अविरत फिरणारी प्रक्रिया दिवसेंदिवस प्रक्रियकाचा वेळ खाऊ शकते किंवा तिची नोंदफाइल वाढत जाऊन डिस्क भरू शकते. म्हणून प्रक्रिया सुरू करताना तिचा क्रमांक टिपून ठेवणे, प्रदान व त्रुटी दोन्ही फाइलींत घेणे, त्या अधूनमधून पाहणे आणि काम संपल्यावर उरलेल्या प्रक्रिया बंद करणे आवश्यक असते. बंद करताना ‘किल’ या आज्ञेने प्रथम १५ क्रमांकाचा संकेत देतात. त्यामुळे प्रक्रियेला फाइली नीट मिटविण्याची संधी मिळते. ९ क्रमांकाचा संकेत प्रक्रियेला टाळता येत नाही, पण तो आवराआवर करण्यास वेळही देत नाही. म्हणून तो अखेरचा उपाय समजावा. सामाईक यंत्रावर ‘नाइस’ या आज्ञेने आपल्या कामाचा अग्रक्रम कमी करता येतो. हा अंक −२० ते १९ असा असतो व तो जितका मोठा, तितके काम इतरांना अधिक वाट करून देते. महासंगणकाच्या प्रवेश-संगणकावर मोठी गणिते विलग करून चालविणे सामान्यतः निषिद्ध असते, कारण त्यामुळे सर्वांचाच प्रवेश मंदावतो.

मागे उरलेल्या प्रक्रिया राहू द्याव्यात की बंद कराव्यात, याविषयी प्रणालीकर्त्यांमध्येही मतभेद आहेत. अनेक लिनक्स वितरणांत वापरल्या जाणाऱ्या ‘सिस्टिमडी’ या व्यवस्थापकाच्या २०१६ मधील आवृत्तीत, वापरणारा बाहेर पडताच त्याच्या सर्व प्रक्रिया बंद करण्याचा पर्याय मूळ मांडणीतच लागू करण्यात आला. त्यामुळे नोहप, स्क्रीन व टीमक्स यांनी विलग केलेली कामेही बंद पडू लागली व मोठा वाद झाला. अनेक वितरणांनी आपल्यापुरता तो पर्याय निष्क्रिय ठेवला. विलग काम चालू ठेवण्याची मुभा वापरणाऱ्यास ‘लिंगर’ या सुविधेने स्पष्टपणे देता येते. नव्या यंत्रावर महत्त्वाचे काम सोपविण्यापूर्वी अल्पकाळाचे काम विलग करून, बाहेर पडून व पुन्हा प्रवेश करून ते चालू असल्याची खात्री करून घेणे हितावह असते.

या विषयाचे प्राथमिक शिक्षण मराठीतूनही उपलब्ध आहे. मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेच्या ‘स्पोकन ट्यूटोरियल’ या प्रकल्पात लिनक्सवरील दृक्‌श्राव्य पाठ मराठी निवेदनासह तयार करण्यात आले असून ते उतरवून घेऊन जोडणीवाचूनही पाहता येतात. विलग प्रक्रियेसाठी महागडे यंत्र वा वेगवान जोडणी लागत नाही. दोन-तीन आज्ञांचे ज्ञान पुरते. त्या आज्ञा ज्ञात असल्यास दूरच्या गावातील अभ्यासकाला शहरातील यंत्राचा उपयोग काही मिनिटांच्या जोडणीवर करून घेता येतो. [⟶ महासंगणक, संगणक-जाळे, संदेशवहन].